वाटेत कुठं थांबलीस?

सिग्नल लाल होता. अराबाच्या गाडीपुढे एक मोटरसायकलवाला जमिनीला पाय टेकून उभा होता. मागच्या सीटवर लोकांना घरपोच जेवण पोचवायची चौकोनी पेटी. माणूस चांगला पन्नाशीचा, दाढीत पांढरं शिरलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही, घाई केली नाही. मागे हात नेऊन पेटी उघडली, आतल्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यातून उचकटलं, तळलेल्या माशाचा तुकडा काढला आणि तोंडात टाकला. बोटं चाटली. झाकण परत बसवून अंगठ्याने कोपरा दाबला, नीट, दोनदा. सिग्नल हिरवा झाला आणि तो गेला. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या, एका टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं काढून ‘मावशी, झोपायचं तर घरी जाऊन झोपा की!’ असं सुनावलं, तरी अराबाचा पाय हलेना. तिचा हात ओठांकडे गेला होता. ओठ कोरडे होते. तिने ते पुसले, मग पुन्हा पुसले. एकसष्ट वर्षांची बाई, चौतीस वर्षं टपाल खात्यात काढलेली. हजारो लोकांची पार्सलं हाताखालून गेली आणि एकाचीही दोरी सैल झाली नाही असं जिचं नाव, ती अक्राच्या भर रस्त्यात ओठांवरचं तेल पुसत होती. ते तेल बावन्न वर्षांपूर्वीचं होतं.

घरी आली तेव्हा आई मागच्या पडवीत नेहमीच्या बुटक्या स्टुलावर बसून भुईमूग सोलत होती. आई त्र्याऐंशीची. नाव मान्सा, म्हणजे तिसरी लेक, पाठोपाठच्या दोघींनंतरची. दृष्टी अधू झालेली, पण जीभ शाबूत. गुरुवारी शामाहून, त्यांच्या किनाऱ्यावरच्या मूळ गावाहून फोन आला होता, बाबांच्या भाच्याचा, फिफीचा. म्हातारा आता अंथरुणावरच असतो, भेटायचं तर या, असं तो म्हणाला होता. आईने ‘बरं’ एवढंच म्हणून फोन अराबाच्या हातात दिला होता आणि त्यानंतर दोन दिवस त्या विषयावर चकार शब्द नाही. आज मात्र अराबाच्या चपला वाजल्या तशी ती मान वर न करता म्हणाली, ‘सोमवारी गाडी काढ. शामाला जाऊ. पण सावकाश जायचं. किती वर्षांत किनाऱ्याकिनाऱ्यानं गेले नाही मी. जिथं जे चांगलं मिळतं तिथं ते खायचं. उपाशीपोटी त्या माणसासमोर जायचं नाही मला.’ अराबा म्हणाली, ‘आई, ते आजारी आहेत.’ ‘तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. मी आपला जबडा चालतोय तोवर चालवते,’ आई म्हणाली. मग शेंगेचं टरफल फुंकून तिने हलकेच पुढचं सांगितलं. ‘एकच गोष्ट हवी आहे मला त्याच्याकडून. जायच्या आधी एकदा तोंडानं म्हणू दे, की मासा होता. मग खुशाल जा म्हणावं.’

मासा होता. ते या जगात एकट्या अराबाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि शामात सगळ्यांच्या घरी चालतं तसंच त्यांच्याही घरी चालायचं. आई तिच्या आईच्या घरी, बाबा त्यांच्या आईच्या घरी. लग्न झालं म्हणून कुणी आपलं घर सोडत नाही. बायको आपल्या चुलीवर रांधते आणि संध्याकाळी पोरीच्या डोक्यावर भांडं देऊन नवऱ्याकडे पाठवते. दिवे लागायच्या वेळेला गावाच्या बोळांतून अशी पंधरा-वीस भांडी चाललेली असायची, आणि कुठल्या घरून कुठल्या घरी किती भरून गेलं यावरून कुणाचं कसं चाललंय ते ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना कळायचं. रुसलेली बायको मीठ कमी घालते, चिडलेली उशिरा पाठवते. आणि कोळ्याच्या बायकोने नवऱ्याला बिनमाशाचा रस्सा पाठवला तर तिला पुढे काही बोलायची गरज उरत नाही. अराबाचं भांडं निळ्या काठाचं, एनॅमलचं, झाकणावर फडकं बांधलेलं. बाबा फडकं सोडायच्या आधी रोज एकच प्रश्न विचारायचे, ‘उशीर केलास गं. वाटेत कुठं थांबलीस?’ मग ती सांगायची. जाळी विणणाऱ्या काकांकडे, किल्ल्याच्या पायऱ्यांवर, शेळी व्यायली ती बघायला. बाबा हसून माशाचं डोकं तिच्या तळहातावर ठेवायचे.

सोमवारी सकाळी निघाल्या त्या. कासोआपर्यंतची गर्दी ओलांडण्यातच दोन तास गेले. पण एकदा शहर मागे पडलं आणि डाव्या हाताला नारळीच्या बुंध्यांमधून पाणी दिसायला लागलं तशी आईने काच खाली केली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. ‘दिसत काही नाही, पण वास येतो. काचेतून वास येत नाही,’ ती म्हणाली. विनेबाच्या फाट्यावर पाववाल्या बायांनी गाडीला गराडा घातला. आईने पाचसहा पाव दाबून पाहिले, एकीला ‘हा कालचा आहे, याला माझ्याइतक्या सुरकुत्या आहेत,’ म्हणाली. ती बाईही काही कमी नव्हती. ‘आजी, तुमच्या सुरकुत्या विकत मागायला कोण आलं होतं का?’ असं तिने विचारलं. दोघी खो खो हसल्या आणि पाव ताजाच निघाला. अराबा गाडी चालू करणार तोच आईने तिचा हात धरला. ‘थांब. आधी खाली उतर. दगडावर का होईना, पण बसून खायचं. चालत्या गाडीत, उभ्याउभ्या खाल्लेलं अंगी लागत नाही.’ हे वाक्य अराबा आयुष्यभर ऐकत आली होती. शाळेची घंटा वाजत असताना, ऑफिसला उशीर होत असताना, नवरा वारला त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्याने चहा ढोसत असतानासुद्धा. तिला ते वाक्य कधीच सहन झालेलं नव्हतं आणि का ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आपामला पोचल्या तेव्हा दुपार चढली होती. बोटाएवढे मासे, तळून कुरकुरीत केलेले, कागदात ओंजळभर. सोबत काळी, तिखट शितो चटणी. आई डोक्या-शेपटासकट चावत होती आणि प्रत्येक घासाला मान हलवत होती. अराबा नुसता पाव आणि चटणी खात होती. ‘कोळ्याची पोर आणि मासा शिवत नाही,’ आई विकणाऱ्या बाईला सांगू लागली, जसं तिने आजवर शेकडो बायांना सांगितलं होतं. ‘लहानपणी घशात काटा अडकला, तेव्हापासून. एवढे देव केले, पाद्री केले, काही उपयोग नाही.’ विकणारी म्हणाली, ‘काटा कधीचाच निघाला असेल हो आजी, भीती राहिली असेल.’ अराबा समुद्राकडे बघत राहिली. काटा कधी अडकलाच नव्हता. काट्याची गोष्ट तिने दहाव्या वर्षी स्वतः रचली होती, कारण मासा समोर आला की तिला ओकारी यायची आणि त्याला काहीतरी कारण द्यायला हवं होतं. एका खोट्याला झाकायला दुसरं. पहिलं तर धड खोटंही नव्हतं. मासा गेला कुठे याचा निवाडा करायला दोन्हीकडची वडीलमंडळी बसली होती, आजोळची आणि बाबांकडची, आणि एका म्हाताऱ्याने तिला मध्ये उभी करून विचारलं होतं, ‘पोरी, वाटेत सांडलंस का?’ ती म्हणाली, ‘नाही.’ खरंच सांडलं नव्हतं. खाल्लंस का, असं कुणी विचारलंच नाही. डोक्यावरच्या भांड्यात हात घालणारी पोर शामात कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून तो प्रश्न कुणाला सुचलाच नाही.

तो मंगळवार होता. मंगळवारी समुद्रावर जायचं नाही, तो दिवस समुद्राचा स्वतःचा. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, पुरुष घरी बसून जाळी दुरुस्त करतात. आईने सोमवारच्या मासळीतला एक तांबोशी राखून ठेवला होता, हातभर लांब. आईला तिखट लाल पामतेलाचा रस्सा करताना अराबाने पाहिलं होतं. भांडं डोक्यावर आलं तेव्हा चुंबळीतूनसुद्धा ऊब टाळूला लागत होती. होड्यांच्या शाकारलेल्या छपरामागे तिने ते खाली उतरवलं. मान दुखत होती म्हणून, एवढंच खरं कारण. फडक्याची गाठ सैल होती. वाफ आली. आधी तिने कडेचं नुसतं कातडं काढलं, बोटाच्या नखाएवढं. त्याखालचं पांढरं मांस आपोआपच सुटलं. ती उभी होती, कारण बसलं तर कुणाला वाटेल ही बसून खातेय. उभं राहिलं की नुसती उभी दिसते. मग एक बाजू संपली आणि मासा उलटा करावा लागला. अर्धा खाल्लेला मासा पोचवणं शक्य नव्हतं, त्यामुळे उरलेला संपवणं भाग होतं, असं त्या वेळी तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. डोकं तर तिचंच असायचं. नुसता सांगाडा राहिला तो तिने वाळूत पायाने पुरला, बोटं चाटली, ओठ पुसले, गाठ पुन्हा बांधली. बाबांच्या अंगणात त्यांच्या होडीवरचे सात गडी बसलेले होते. बाबांनी विचारलं, वाटेत कुठं थांबलीस? ती म्हणाली, कुठंच नाही. बाबांनी सगळ्यांच्या देखत झाकण उचललं.  एकजण खोकला आणि उगाचच जाळ्याची गाठ चाचपायला लागला. बाबांनी झाकण परत ठेवलं, आणि आजवर अराबाच्या कानात राहिला आहे तो त्या झाकणाचा आवाज.

पुढचं सगळं मोठ्या माणसांनी केलं. अजोआ आत्या पदर खोचून आईच्या दारात आली, कोळ्याला बिनमाशाचा रस्सा पाठवतेस, हातापायांना काय लकवा भरलाय का, असं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली. आईने आपल्या हाताने मासा घातला होता. तिला एकच अर्थ लागला: त्याने खाल्ला आणि आता नाही म्हणतोय. सेकोंदीला कुणी बाई आहे असं बायका कुजबुजत होत्या, तर हे निमित्त. बाबांना दुसरा अर्थ लागला. दोघांनाही पुरावा होता आणि दोघंही खरं बोलत होते. दुसऱ्या दिवशी पाठवलेलं भांडं बाबांनी न उघडता परत धाडलं. तिसऱ्या दिवशी आईने पाठवलं नाही. होडी हंगामासाठी अबिजानला गेली ती तीन वर्षांनी आली, तोवर आई अराबाला घेऊन अक्राला धुरावलेली मासळी विकायला बसली होती. अराबा नंतर बाबांना आयुष्यात चारदा भेटली. एकदा तर तिच्या स्वतःच्या लग्नात. आईने त्यांना पुढच्या ओळीत बसू दिलं नाही. ते मागे, दाराजवळ, इस्त्री केलेल्या सदऱ्यात मांडीवर हात ठेवून बसले होते. हात घेऊन काय करावं हे समुद्रावरच्या माणसाला जमिनीवर कळत नाही. अराबाला त्यांच्याकडे जाऊन सांगावंसं वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण अंगावर पांढरा झगा होता आणि फोटोवाला बोलावत होता.

रात्र सॉल्टपाँडच्या एका साध्या लॉजमध्ये काढून मंगळवारी सकाळी त्या पुन्हा निघाल्या. बिरिवाच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या एका रांगेत वाळूवर चढवलेल्या होत्या आणि पुरुष सावलीत जाळी मांडीवर घेऊन बसले होते. ‘मंगळवार आहे,’ आई म्हणाली. अराबा दचकली. तिने वार मोजलाच नव्हता. ‘मी मुद्दामच निवडला,’ आईने सांगितलं. ‘मंगळवारी सगळे घरी असतात. सगळ्यांच्या देखत म्हणायला लावीन त्याला.’ आईने लुगड्यासारखा नेसलेला निळा कापडी घोळ सारखा केला. तो तिचा सणावाराचा होता, अराबाच्या आता लक्षात आलं. कानात सोन्याच्या बाळ्याही घातल्या होत्या. म्हातारी भांडायला निघाली होती आणि भांडायला जाताना ती नटली होती.  यामोरांसाला केंके खायचं, मग एल्मिना, मग प्रा नदीचा पूल, की आलंच शामा. दोन तास. सावकाश गेलं तर चार.

यामोरांसाचं केंके म्हणजे केळीच्या वाळल्या पानांत बांधलेला आंबवलेल्या मक्याचा गोळा. अक्रात मक्याच्या सालीत बांधतात ते निराळं. आईच्या मते ते केंकेच नव्हे, ते पोट भरायचं साधन. त्या रस्त्याकडेच्या छपराखाली बाकावर बसल्या. आईने पान सोडलं, वाफ नाकाशी घेतली आणि डोळे मिटले. ‘माझ्या आईच्या हातचं,’ ती म्हणाली, ‘नाही, तितकं आंबट नाही. पण जवळपास.’ अराबाचे हात पानावर थांबले होते. तिला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर चार तासांनी एक मरणाच्या दारातला माणूस, त्याने न केलेली गोष्ट कबूल करायला लावला जाईल. आणि तो करीलही, भांडण नको म्हणून. मग ते खोटं त्या दोघांमधलं शेवटचं वाक्य ठरेल. ‘आई,’ ती म्हणाली, ‘मासा मी खाल्ला होता.’

आईने घास तोंडात घातला. चावला. गिळला. ‘कुठला मासा?’ असं काही तिने विचारलं नाही. ती केंकेचा उरलेला गोळा बोटांनी गोल करत बसली.

‘सगळा?’

‘सगळा.’

‘डोकं पण?’

‘डोकं पण. काटे वाळूत पुरले. होड्यांच्या छपरामागे.’

‘बसून खाल्लास?’

‘उभ्यानं.’

आईने मान हलवली. ‘कसा झाला होता?’

‘आई...’

‘विचारते ते सांग. त्याला खोकला होता म्हणून मी आलं जास्त घातलं होतं. आलं लागत होतं का?’

अराबाला त्या क्षणी जिभेवर ते आलं लागलं. बावन्न वर्षं तिने ती चव दाबून ठेवली होती आणि आता ती जशीच्या तशी आली, लाल तेल, आलं, वांग्याचा मऊपणा, कातड्याला चिकटलेलं मीठ. ‘लागत होतं,’ ती म्हणाली. ‘फार चांगला झाला होता, आई. त्याच्याइतकं चांगलं मी पुन्हा काही खाल्लं नाही.’ आणि मग आई रडली. तोंडावर हात न धरता, आवाज न लपवता, केंकेवाल्या बाईने येऊन पाठीवर हात ठेवावा इतकी. ‘माझ्या त्या माशाबद्दल,’ ती हुंदके देत त्या अनोळखी बाईला सांगत होती, ‘बावन्न वर्षांत कुणी एका शब्दानं सांगितलं नाही मला, कसा झाला होता ते.’

पण गाडीशी आल्यावर तिने पुढचं दार सोडून मागचं उघडलं. ‘मी मागे बसते,’ म्हणाली. एल्मिनापर्यंत ती आरशात दिसत होती, चष्मा नाही, तोंड खिडकीकडे. समुद्र इतका जवळ होता की रस्त्यावर वाळू आलेली होती. नारळवाले कोयते परजत हात करत होते, आईने कुणाकडे पाहिलं नाही. अराबाला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. नुसतं एकाच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्यासारखं झालं, आणि तेही म्हातारीच्या. ‘नऊ वर्षांची होतीस,’ आई अचानक मागून म्हणाली, ‘त्याचा मला राग नाही. नऊ वर्षांची पोर, समोर मासा, देवसुद्धा खाईल. पण दहाव्या वर्षी का नाही सांगितलंस? विसाव्या? तुझं लग्न झालं तेव्हा? मी बाजारात त्याला खोटारडा म्हणाले, चर्चमध्ये म्हणाले, तुझ्या सासूला सांगितलं. तू तिथंच उभी असायचीस, अराबा. ऐकत.’ अराबाने गाडी कडेला घेतली, कारण रस्ता दिसेना. ‘आज सांगू उद्या सांगू असं करत राहिले,’ ती म्हणाली. ‘जितकं उशिरा, तितकं मोठं होत गेलं. नंतर ते एवढं मोठं झालं की तोंडातून बाहेर येईना.’  मागून एक हात आला आणि तिच्या मानेवर, जिथे चुंबळीचा भार येतो तिथे, टेकला. प्रेमाने नव्हे, नुसता टेकला. ‘चल,’ आई म्हणाली. ‘एल्मिनाच्या बाजारात थांब. मला मासा हवा.’

मंगळवारी मासा! एल्मिनाच्या बंदरात सगळ्या होड्या बांधलेल्या, बाजारात बर्फातली मासळी नाहीतर धुरातली. आई अराबाच्या दंडाला धरून एकेका ओट्यापुढे थांबे आणि नाक मुरडे. ‘हा मेला कधी, माझ्या लग्नाच्या आधी का?’ ‘आजी, मंगळवारी जिवंत मासा हवा तर स्वतः पाण्यात उतरा,’ एक ठसठशीत बाई म्हणाली. ‘समुद्राला विचारून या, देतो का.’ आईने तिला शामाचं, आपल्या घराचं, आपल्या कुळाचं नाव सांगितलं, मग बाईच्या आजीचं नाव विचारलं, आणि दहाव्या मिनिटाला कळलं की दोघींच्या आज्या एकाच विहिरीवर पाणी भरत होत्या. मग ओट्याखालून ओल्या पोत्यात गुंडाळलेला, काल संध्याकाळी उशिरा आलेला तांबोशी निघाला. घरच्यासाठी ठेवला होता, ती म्हणाली, पण तुम्ही घरच्याच निघालात. आईने डोळे जवळ नेऊन कल्ले पाहिले, बोटाने पोट दाबलं. ‘त्याच्याएवढा नाही,’ ती म्हणाली, ‘पण चालेल.’ निघताना ती पुढच्या सीटवर बसली, मासा मांडीवर घेऊन.

शामाला आजोळच्या घरात पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरात आता आईची भाची राहत होती. तिने गॅस दाखवला, आईने चूल मागितली. दोन तास आई चुलीपुढून हलली नाही, कुणाला हात लावू दिला नाही, आणि आलं किसताना अराबाने पाहिलं, तिने जास्त किसलं. ‘अजून खोकतो असेल,’ ती कुणालाही न सांगता म्हणाली. निळ्या काठाचं भांडं कुठलं सापडायला! भाचीने एक स्टीलचं दिलं. आईने मासा अख्खा ठेवला, रस्सा वर ओतला, झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली. ओढून पाहिली, आणखी एक मारली. मग चुंबळ करून तिने अराबाकडे धरली.

‘तू येत नाहीस?’ अराबाने विचारलं.

‘बायको भांडं घेऊन जाते का कधी? मी इथं बसते. भांडं परत येईल तेव्हा बघते.’ आणि दाराशी स्टूल टाकून ती बसली. निळा घोळ, सोन्याच्या बाळ्या. ‘त्याला काही म्हणायला लावू नकोस,’ ती म्हणाली. ‘नुसतं दे.’

अराबाच्या गुडघ्यांना सवय राहिली नव्हती, पण मानेला होती. बोळ तेच होते. सिमेंटची घरं झाली होती, तरी वळणं तीच. ओट्यावरच्या म्हाताऱ्या टक लावून बघत राहिल्या. साठी उलटलेली बाई डोक्यावर जेवण घेऊन जाताना त्यांनी कधी पाहिली नसावी; एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. होड्यांच्या छपरापाशी अराबाची पावलं आपोआप मंदावली. टाळूवर ऊब होती. ती थांबली नाही. बाबांच्या अंगणात चारजण जाळी घेऊन बसले होते, फिफी होता, आणि पडवीत आरामखुर्चीत, गुडघ्यांवर चादर, हात चादरीवर, बाबा. इतके लहान झाले होते ते. डोळे मात्र तेच, लांबचं बघणारे. तिने भांडं उतरवून त्यांच्यापुढच्या बाकावर ठेवलं. ते भांड्याकडे, मग फडक्याच्या दोन गाठींकडे, मग तिच्याकडे बघत राहिले. खोकले.

‘उशीर केलास गं,’ बाबा म्हणाले. ‘वाटेत कुठं थांबलीस?’

अंगणातले चौघे ऐकत होते. अराबाला विनेबाचा पाव आठवला, आपामचे मासे, यामोरांसाचा बाक. ते सगळं सांगता आलं असतं.

‘थांबले होते, बाबा,’ ती म्हणाली. ‘होड्यांच्या छपरामागे. मासा मी खाल्ला. त्या मंगळवारी. मी खाल्ला होता.’

बाबांचे हात चादरीवर हलले आणि थांबले. जाळ्यावरचा एकजण उगाच खोकला, मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं, तो गप्प झाला. ‘घातला होता तिनं?’ बाबांनी फार हळू विचारलं.

‘घातला होता. हातभर तांबोशी. तुम्हाला खोकला होता म्हणून आलं जास्त घातलं होतं.’

बाबांनी मान हलवली, एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग गाठी सोडायला घेतल्या. एक सुटली, दुसरी सुटेना. फिफी पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने अडवलं. झाकण उचललं. वाफ त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी माशाचा मधोमध तुकडा केला, डोक्याकडचा भाग झाकणात ठेवला आणि झाकण अराबापुढे सरकवलं. तिने नेहमीच्या सवयीने नकारार्थी मान हलवली. काटा, घसा, तेच पुढे यायला लागलं होतं. बाबांनी पायाने बाकाखालचं स्टूल तिच्याकडे ढकललं.

‘आता बसून खा,’ बाबा म्हणाले. ‘उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही.’

ते वाक्य आईचं नव्हतं तर. बावन्न वर्षं आई ते रोज वापरत होती, बाबांना खोटारडा म्हणत म्हणत. अराबा बसली आणि पहिला घास तिने तोंडात घातला. आलं लागत होतं.